खारपाणपट्ट्यात रीफ टँक: नायट्रेट येत कुठून होतं?

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, म्हणजे इथे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, २४०० मिलिग्रॅम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा, आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. आमचं पाणी त्याच्याही पुढचं. अशा गावात घरी रीफ टँक, म्हणजे प्रवाळ आणि मासे पाळायची समुद्राच्या पाण्याची २०० लिटरची टाकी, आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पाणी तं आपलं खारंच आहे, मंग मीठ काहून इकत आणता?"

प्रश्न रास्त आहे. समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅम क्षार असतात, आमच्या बोअरच्या लिटरात अडीच ग्रॅमही नाहीत. आणि क्षार नुसते असून भागत नाही, कोणते आहेत ते महत्त्वाचं. प्रवाळाच्या टाकीत कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि मॅग्नेशियम त्याच्या तिपटीच्या आसपास लागतं. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी सोडियम आणि बायकार्बोनेटनं भरलेलं. त्यामुळे शुद्ध पाण्यात रीफ सॉल्ट, म्हणजे समुद्रासारखे क्षार असलेलं तयार मीठ, विरघळवणं हाच मार्ग. आता हे शुद्ध पाणी आणायचं कुठून, माझी सगळी अडचण तिथेच होती.

टाकीत क्लाउनफिश माशांची जोडी आणि झोअँथिड, मशरूम, एक लेदर कोरल अशी मऊ प्रवाळं आहेत. कठीण सांगाड्याची प्रवाळं मी ठेवत नाही. ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि आपल्या किनाऱ्यावरून ती कोणी उपटून आणावीत असं मला मुळीच वाटत नाही.

एप्रिल सरता सरता झोअँथिड उघडेनासे झाले. खडकांवर आधी तपकिरी थर आला, मग हिरवं केसाळ शेवाळ. पंपाच्या आत पांढरा कडक थर धरू लागला आणि प्रवाह मंदावला. किटनं तपासलं तर नायट्रेट, म्हणजे उरलेल्या खाण्यातून आणि माशांच्या विष्ठेतून साचणारं शेवाळाचं खत, ५० पीपीएम. एरवी मी ते ५ ते १० मध्ये ठेवतो. अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानानं पाण्यातलं बायकार्बोनेट, साडेबारा डीकेएच (तिचं माप), जी मला आठ-नऊ हवी असते. अमोनिया शून्य होता, म्हणजे त्याचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचं काम नीट चालू होतं. खारेपणा ३५ पीपीटी, समुद्राइतकाच.

नायट्रेट वाढलं की पहिला संशय खाण्यावर जातो. मी खाणं अर्ध्यावर आणलं. खडकामागे काही मेलंय का पाहिलं, सगळ्या गोगलगाई मोजल्या. फिल्टरचा स्पंज धुतला, वाळूतला गाळ ओढून काढला. फरक नाही. मग दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायला सुरुवात केली. हिशोबानं एका बदलात ५० चे साडेसदतीस व्हायला हवेत, दुसऱ्यात २८. माझं नायट्रेट मात्र चाळिशीच्या खाली येतच नव्हतं, आणि आठवडाभरात पुन्हा चढत होतं. इथे माझा विचार बदलला. पाणी बदलूनही आकडा पडत नसेल, तर जे नवं पाणी आत जातंय तेच तपासायला हवं.

मीठ कालवून ठेवलेलं ताजं पाणी तपासलं, नायट्रेट २०. आता दोष मिठाचा, पाण्याचा की किटचा? मेडिकलमधून इंजेक्शनसाठी वापरतात ते निर्जंतुक पाणी आणलं, किटला तेवढे थेंब पुरतात. नुसत्या त्या पाण्यात नायट्रेट शून्य, तेच मीठ घालून तपासलं तरी शून्य. किट आणि मीठ दोन्ही सुटले. उरलं जारचं पाणी.

आमच्याकडे बहुतेक घरं पिण्यासाठी आरओ प्लांटचा जार घेतात, मीही टाकीला तोच वापरत होतो. चवीला गोड, स्वच्छ. टीडीएस मात्र १४० निघाला आणि नायट्रेट २०. प्लांटवर विचारलं तेव्हा कळलं की चव यावी म्हणून शुद्ध पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळतात. पिणाऱ्यासाठी ते ठीकच आहे, मानकात नायट्रेट ४५ पर्यंत चालतं. पण मूळ पाणी म्हणजे बोअर, आणि बोअरचं पाणी तपासलं तर किटचा रंग शेवटच्या पट्टीच्याही पुढे गेला. खतं, उकिरडे, संडासाचे खड्डे, सगळं झिरपून तिथेच जातं. त्यात आरओचं मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) नायट्रेटला इतर क्षारांइतकं अडवतही नाही.

तरीही २० चे ५० कसे? याचं उत्तर बाबांनी दिलं. ते आयुष्यभर याच मातीत कपाशी-तुरी करत आले आहेत. माझे आकडे ऐकून म्हणाले, "बोअरचं पानी वावराले देलं का वावर चोपन होते. पानी उडून जाते, खार तिथंच रायते. तुया टाकीतबी तेच होऊन रायलं असन."

अगदी तेच होत होतं. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या घरात असतो. पाणी २८ अंशांखाली ठेवायला मी टाकीवर पंखा लावतो, आणि पंख्यानं पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळेच. रोज सहा लिटर पाणी उडायचं, तेवढंच जारचं भरायचो. सहा लिटरमधून रोज १२० मिलिग्रॅम नायट्रेट, म्हणजे २०० लिटरात रोज ०.६ पीपीएम, महिन्याला १८. बायकार्बोनेटही तसंच साचत गेलं, अल्कलिनिटी चढली आणि पंपात तो पांढरा थर बसला. पाण्यातलं सिलिकेट खडकांवरच्या त्या तपकिरी थरातल्या सूक्ष्म शेवाळाला पुरलं असणार.

मग स्वतःचं आरओ-डीआय युनिट बसवलं: गाळ अडवणारा फिल्टर, कार्बन, मेंब्रेन, शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन. गच्चीवरच्या टाकीचा दाब मेंब्रेनला पुरत नाही, म्हणून बूस्टर पंप. खरा प्रश्न होता त्याला कोणतं पाणी द्यायचं. मेंब्रेन ९५ टक्के क्षार काढतं असं धरलं तर बोअरच्या २४०० मधले १२० उरतात आणि महागडं रेझिन बघता बघता संपतं. शहानूर धरणाचं नळाचं पाणी ३०० च्या आसपास, त्यातले १५ उरतात. म्हणजे तेच रेझिन आठपट टिकतं. नळ रोज येत नाही, म्हणून एक ड्रम फक्त यासाठी राखला आहे. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं आणि ते मेंब्रेन खातं, त्यामुळे कार्बन वेळेवर बदलावा लागतो. एक लिटर शुद्ध पाण्यामागे चार लिटर बाहेर पडतं. आमच्या भागात ते गटारात सोडणं मला पटत नाही. त्याचा टीडीएस पावणेचारशेच्या आसपास असतो, भांडी, फरशी आणि अंगणातल्या लिंबाला ते उत्तम चालतं.

पंपाचा थर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून निघाला. शून्य टीडीएसच्या पाण्यात मीठ कालवून पाव-पाव टाकी बदलत गेलो तसं नायट्रेट ठरल्या हिशोबानं उतरत दहाच्या खाली आलं. अल्कलिनिटी मुद्दाम सावकाश उतरू दिली, तिचा झटका मऊ प्रवाळांनाही सोसत नाही. शेवाळ मात्र चिवट निघालं, कारण खडक फॉस्फेट (शेवाळाचं दुसरं खत) धरून ठेवतात आणि हळूहळू पाण्यात सोडत राहतात. ते हातानं उपटलं, उरलेलं गोगलगाईंनी खाल्लं, सोबत फॉस्फेट शोषणारं लोहाचं माध्यम लावलं. झोअँथिड हाताळताना मी हातमोजे आणि चष्मा घालतोच. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे विष असू शकतं, आणि ते माणसालाही घातक आहे. त्यांचे खडक कोणीही गरम पाण्यात उकळू नयेत.

आमच्या भागातल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कपाशीवर फवारणी सुरू झाली की टाकीच्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवा आणि एअर पंप बाहेरची हवा ओढणार नाही असं बघा. सायपरमेथ्रिनसारखी औषधं कोळंबी आणि माशांना अत्यंत कमी मात्रेतही मारतात. डास पळवणाऱ्या लिक्विडमध्येही त्याच जातीचं औषध असतं, ते आमच्याकडे त्या खोलीत लावत नाहीत.

आता झोअँथिड दुसऱ्या खडकावर पसरलेत. मूर्तिजापूरच्या एका मित्राला त्यातला तुकडा हवा आहे. त्याला सांगितलंय, टाकी घेण्याआधी तुझ्या घरी येतं ते प्रत्येक पाणी, नळाचं, बोअरचं, जारचं, वेगवेगळ्या बाटलीत भरून आण. तुकडा त्यानंतर.