नागपूर ते ओंटारिओ: दहावीनंतर मुलाला घेऊन जाताना

दहावी झालेल्या मुलाला घेऊन कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात जाणाऱ्या नागपूरकरांचं घोडं बहुधा सुट्ट्यांपाशी अडतं. आपल्याकडे उन्हापायी शाळा थेट जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिकडच्या बंद होतात. त्या उघडणार सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी झाल्यावर. बऱ्याच शाळांचं ऑफिस जुलैत बंद असतं आणि विषय ठरवून देणारे गायडन्स कौन्सिलर ऑगस्टच्या अखेरीस भेटतात. म्हणून शक्य असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे पोहोचा. मेमध्ये निकाल, तो आला की गुणपत्रिका, मग लगेच निघायचं, असा बेत धरून तिकीट काढा.

शाळा सोडल्याचा दाखला मिळवायला मेच्या मध्यात गेलात तर क्लार्क गावाला गेलेले असतात. अर्ज एप्रिलमध्येच द्या, आणि आठवी, नववीची प्रगतिपत्रकंही सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. ती इथे कुणी विचारत नाही, पण तिकडे आधीच्या वर्षांचे विषय त्यांच्यावरूनच मोजतात. मराठीतला कागद असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत हवं.

नावाचा घोळ इथूनच निस्तरून जा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. तिकडचा कर्मचारी गुणपत्रिका वाचून आडनावालाच पहिलं नाव समजतो आणि मुलगा वर्षभर हजेरीत ‘देशमुख’ म्हणून हाका ऐकतो. नोंदणी पासपोर्टवरूनच करा म्हणून सांगा. वडील आधीच तिकडे असतील आणि आई एकटी मुलाला घेऊन जात असेल, तर वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

लसींचं कार्ड तर चार-चार वेळा तपासा. ओंटारिओत शाळेसाठी डिप्थेरिया, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला आणि मेनिंगोकोकल (एका प्रकारच्या मेंदूज्वराची) या लसींची नोंद लागते, २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. आपल्याकडे नवव्या महिन्यात दिलेला गोवराचा डोस तिकडे धरत नाहीत, कारण पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजणीत येत नाही. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. मेनिंगोकोकल तर बहुतेकांच्या कार्डावर नसतेच. राहिलेले डोस इथल्या बालरोगतज्ज्ञांकडून घ्या, नाहीतर तिकडे गेल्या गेल्या. कार्डावर तारखा आकड्यांत नकोत, महिन्याचं नाव अक्षरात लिहून घ्या. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हा वाद तिकडे खरोखर होतो. नोंद अपुरी राहिली तर आधी पत्र येतं, आणि तेही दुर्लक्षिलं तर शाळेतून काही दिवस निलंबन.

नागपूरहून दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढे जाताना दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर घ्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा पोचलं तरी पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात राहतं. खायचं जे काही नेलं असेल ते टोरंटोला उतरल्यावर जाहीर करा, लपवलेल्याचा दंड मोठा आहे. मसाला, पापड चालतात. ताजी संत्री मात्र घरीच राहू द्या. इमिग्रेशनच्या खिडकीवर मिळालेल्या कागदावर नाव आणि जन्मतारीख तिथेच उभं राहून वाचा. नंतरची दुरुस्ती महिनोन्‌महिने चालते. जाड जॅकेट बर्डीवर घेऊ नका. नागपूरच्या डिसेंबरला पुरणारं कापड उणे पंधराला कामाचं नाही.

तिकडे शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून आधी घर, मग शाळा. भाडेकरार, पासपोर्ट, इमिग्रेशनचा कागद आणि लसींची नोंद एवढं घेऊन जा. पालक पीआर (कायमचा रहिवास) किंवा वर्क परमिटवर असतील तर सरकारी शाळेत फी नाही. मुलगा काका-मावशीकडे एकटा राहणार असेल तर मामला वेगळा: फी लागते, आणि सतरा वर्षांखालच्याला कायदेशीर कस्टोडियनची, म्हणजे तिकडे त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाची, कागदपत्रंही.

नवीन आलेल्यांची इंग्रजी आणि गणिताची चाचणी होते. ती पास-नापासाची नसते, म्हणून पोराला घोकून पाठवू नका. खरी पातळी कळली तरच योग्य वर्ग मिळतो. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे ईएसएल विषय मिळाले तर आई-बाबा नाराज होतात, ते उगाच. त्यातले तीन क्रेडिटपर्यंत (एक पूर्ण केलेला विषय म्हणजे एक क्रेडिट) डिप्लोमाच्या, म्हणजे तिकडच्या बारावी पास झाल्याच्या प्रमाणपत्राच्या, इंग्रजीत धरतात. अडचण वेळेची आहे. अकरावीत आलेल्या मुलाकडे चारच सेमिस्टर असतात, आणि ईएसएलच्या पायऱ्या चढून बारावीचं विद्यापीठ-पातळीचं इंग्रजी त्यातच संपवायचं असतं. एखादा विषय जुलैच्या समर स्कूलमध्ये उरकावा लागतो.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते विषयांच्या फॉर्मवर. डिप्लोमाला ३० क्रेडिट लागतात. दहावी पूर्ण करून आलेल्याला साधारण १६ मान्य होतात, १४ उरतात. वर्षाला दोन सेमिस्टर, प्रत्येकात चार विषय, म्हणजे दोन वर्षांत १६ जागा. चुकायला फक्त दोनच जागा मोकळ्या. मान्यता मुख्याध्यापक देतात, म्हणून प्रगतिपत्रकं पहिल्याच भेटीत पुढे ठेवा.

विषयाच्या कोडमधला आकडा आणि त्यापुढचं शेवटचं अक्षर नीट बघा. ३ म्हणजे अकरावी, ४ म्हणजे बारावी; ‘यू’ विद्यापीठासाठी, ‘सी’ कॉलेजसाठी, ‘एम’ दोन्हींना चालणारं. तिकडे कॉलेज म्हणजे कामधंद्याचं शिक्षण. आपल्याकडे कॉलेज आणि विद्यापीठ एकाच दमात बोलतात, तिथेच घात होतो आणि मुलगा ‘सी’चं गणित घेऊन बसतो. इंजिनीअरिंगला जायचं असेल तर अकरावीत एमसीआर३यू हे गणित, सोबत फिजिक्स आणि केमिस्ट्री ‘यू’चंच हवं. त्याशिवाय बारावीचे एमएचएफ४यू, एमसीव्ही४यू हे गणिताचे विषय आणि फिजिक्स मिळत नाहीत. विद्यापीठ शेवटी बारावीचे सहा उत्तम ‘यू’ किंवा ‘एम’ विषय बघतं. फॉर्म चुकला असेल तर सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांतच बदलून घ्या.

गुणांचं गणितही उलटं आहे. ७० टक्के वर्षभराच्या कामाचे, ३० टक्के शेवटच्या परीक्षेचे किंवा प्रकल्पाचे. शेवटच्या महिन्यात रात्र जागून भरून काढायची आपली सवय तिथे चालत नाही. आपली मुलं बीजगणितात पुढे असतात, पण लॅब रिपोर्ट, निबंध आणि वर्गासमोरच्या सादरीकरणात गुण गमावतात. इंटरनेटवरून उतरवलेला परिच्छेद हमखास पकडला जातो.

शाळेतल्या लॉकरचं आकडे जुळवून उघडायचं फिरतं कुलूप घरी आणून सराव करा: उजवीकडे तीन फेऱ्या घेऊन पहिला आकडा, डावीकडे त्या आकड्यावरून एकदा पुढे जाऊन दुसरा, मग उजवीकडे सरळ तिसरा. डबा गरम करायची सोय धरून चालू नका, थर्मास द्या. पोहे त्यात गिच्च होतात. खिचडी, वडा-भात टिकतो. खेळाच्या संघांची निवड सप्टेंबरच्या सुरुवातीलाच होते आणि पहिले मित्र बहुतेक तिथेच मिळतात, म्हणून तेवढी चुकवू नका. आजीला फोन शाळेआधी करायचा: उन्हाळ्यात तिथले सकाळचे ८ म्हणजे नागपूरचे संध्याकाळचे साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा.

डिप्लोमाला समाजसेवेचे ४० तास आणि वाचन-लेखनाची साक्षरता चाचणीही लागते. उशिरा आलेल्याला तास कमी करून मिळतील का, ते मुख्याध्यापक ठरवतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तास मोजायला सप्टेंबरपासूनच लागा. बारावीतल्या मुलांना जानेवारीच्या मध्यावर विद्यापीठाचे अर्ज भरायचे असतात, आणि त्या महिन्यात सेमिस्टरच्या परीक्षाही असतात.