डिकीत सिलिंडर आहे, मग वूफर कुठे? छोट्या सीएनजी गाडीतल्या स्टिरिओची आखणी

ठाणे आणि नवी मुंबईत छोटी गाडी म्हटली की ती बहुतेक वेळा सीएनजीची असते. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज तास-दीड तास जाणार असेल तर तो हिशोब बरोबरच आहे. पण डिकीत ६० लिटरचा सिलिंडर बसला की वूफरचा (बेस, म्हणजे खालचे स्वर देणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) डबा, मोठा अँप (अँप्लिफायर) आणि त्याला वीज साठवून देणारा कपॅसिटर ही नेहमीची मांडणी कागदावरच राहते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये ३०-३० लिटरचे दोन सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवून वरची जागा मोकळी केली. जुन्या मांडणीच्या गाड्या मात्र रस्त्यावर अजून भरपूर आहेत आणि हे लिखाण त्यांच्यासाठी आहे.

सिलिंडरच्या आजूबाजूला, वर किंवा मागे अँप अथवा वायर ठेवायची नाही. हा नियम बाकी सगळ्याच्या आधी. भरलेल्या सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब असतो. व्हॉल्व्हवरचं आवरण आणि गळालेला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळ्या यांना हात लावायचा नाही. इंजिनकडे जाणारी हाय प्रेशर नळी गाडीखालून जाते, त्यामुळे गाडीच्या तळाला एकही स्क्रू मारायचा नाही. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्याही तिथूनच जातात. "दोन सेल्फ टॅपिंग मारून देतो" म्हणणाऱ्या फिटरकडे गाडी देऊ नका.

उरतात तीन जागा: पुढची दारं, पुढच्या सीटखालची पोकळी आणि डॅशबोर्डच्या मागची रिकामी जागा. एवढ्यात उत्तम आवाज मिळतो, फक्त मोजमाप आधी आणि खरेदी नंतर झाली पाहिजे. लॅमिंग्टन रोडला जाऊन आधी सामान घ्यायचं आणि मग ते गाडीत कोंबायचं, इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

सीटखालची पोकळी चार ठिकाणी मोजा: पुढून, मागून आणि दोन्ही रुळांपाशी. सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे आणि उंची बदलणारी असेल तर सगळ्यात खाली, अशा तिन्ही स्थितींत मोजायचं, आणि तेही वर माणूस बसवून, कारण वजनाने सीटच्या स्प्रिंगा खाली येतात. ८ इंची अंडरसीट वूफर साधारण ७० ते ८० मिलिमीटर उंच असतात. वर किमान १५ मिलिमीटर मोकळे हवेत. थर्माकोल किंवा पुठ्ठ्याचा त्याच मापाचा ठोकळा करून दोन दिवस सीटखाली ठेवून गाडी चालवा. मागे बसणाऱ्याचे पाय कुठे लागतात ते पट्टीपेक्षा ठोकळा नीट सांगतो. काही गाड्यांत डाव्या सीटखाली सामानाचा ट्रे असतो, तो काढला की चांगली जागा मिळते. सीटखाली पिवळ्या रंगाचा कपलर (वायरींचा जोड) दिसला तर तो एअरबॅग किंवा सीटबेल्टच्या यंत्रणेचा असतो. तो काढायचा नाही, त्याच्या वायरमधून फाटा काढायचा नाही आणि त्यावर काही टेकेल असंही ठेवायचं नाही.

सीटखालच्या एवढ्याशा डब्यातून बेस येईल का? वूफरच्या जगात हॉफमनचा नियम म्हणून ओळखला जाणारा एक हिशोब आहे: खोल बेस, छोटा डबा आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. १० इंची वूफरला बंद डब्यात साधारण १७ ते २८ लिटर जागा लागते, आणि सीटखाली तेवढी नाहीच. पण छोट्या गाडीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. ध्वनीची अर्धी तरंगलांबी गाडीच्या आतल्या लांबीपेक्षा मोठी झाली की बंद केबिनमध्ये खालचे स्वर आपोआप उचलले जातात. केबिन अडीच मीटर धरली तर ३४३ भागिले ५, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झच्या खाली हा फायदा सुरू होतो. म्हणून खोलीत दुबळा वाटणारा ८ इंची वूफर हॅचबॅकमध्ये तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम नीट देतो. नाशिक ढोलाने काचा थरथराव्यात अशी अपेक्षा असेल तर तो कमी पडेल.

आता दारं. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात. स्पीकरचा पडदा पुढे जितकी हवा ढकलतो तितकीच मागेही ढकलतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात. त्यांतून मागची लाट पुढे येते, दोन्ही एकमेकींना मारतात आणि बेस नाहीसा होतो. चांगले महाग स्पीकर टाकूनही "पोकळ वाजतंय" ही तक्रार येते ती यामुळे.

दाराचा पॅड काढण्याआधी त्या मॉडेलच्या १० क्लिपा आणून ठेवा, दोन-चार तुटतातच. पॅडमागे काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा असतो. तो फाडून फेकू नका. काचेवरून आत उतरणारं पाणी केबिनमध्ये येऊ न देणं हे त्याचं काम. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दाराच्या आत पाणी वाहतंच आणि खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर जातं. तो पडदा नीट न चिकटवल्यामुळे स्टिरिओ बसवल्यानंतरच्या पहिल्याच पावसात कार्पेट ओलं झालेल्या गाड्या कितीतरी असतात.

बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिलिमीटरची बुटाइल (रबराच्या जातीची) डॅम्पिंग, म्हणजे थरथर दाबणारी शीट लावा. पूर्ण पत्रा झाकून टाकायची गरज नाही. मधल्या, सर्वांत जास्त थरथरणाऱ्या भागातलं ३० ते ४० टक्के क्षेत्र पुरतं. या शीटचं वजन एका चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास भरतं आणि ते बिजागरांवर येतं. स्वस्तात मिळणारी शीट बऱ्याचदा डांबराची असते. ती उन्हात मऊ होऊन घसरते आणि मे महिन्यात गाडीत डांबराचा वास सुटतो. कोपरा चिमटीत धरून ताणा: बुटाइल च्युइंगगमसारखं लांबतं, डांबर तुटतं. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, शीट लावायची आणि रोलर दाबून फिरवायचा. हे काम जुलैच्या दमट हवेत करू नका, चिकटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. आतल्या पत्र्याची मोठी भोकं पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने आणि वरून बुटाइलने बंद करा, पण काचेच्या मोटरपाशी जाण्याचं झाकण स्क्रूने उघडेल असं ठेवा. खालची पाणी जाण्याची भोकं उघडी आहेत ना, ते शेवटी बोटाने तपासा. दाराच्या आत फोम किंवा ज्यूट अजिबात नको. ते पाणी धरतं आणि पत्रा आतून गंजतो.

स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून स्पीकरच्या जागेपासून काचेपर्यंतची खोली मोजा. साडेसहा इंची स्पीकरला ५५ ते ७० मिलिमीटर खोली लागते. कमी पडली तर स्पेसर रिंग टाकतात, पण रिंगने पुढची जागा जाते. स्पीकरचा पडदा पुढे-मागे हलतो, म्हणून पॅडच्या जाळीपर्यंत किमान १० मिलिमीटर सोडा. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) रिंग ठाण्याच्या एका पावसाळ्यात फुगते, स्क्रूची पकड जाते आणि किरकिर सुरू होते. एचडीपीई किंवा एबीएस प्लॅस्टिकची रिंग घ्या. मरीन प्लायची घेतली तर कडा वॉर्निशने बंद करा.

कंपोनंट सेट (ज्यात वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, वेगळा येतो) घेत असाल तर ट्वीटर आरशामागच्या त्रिकोणी पट्टीत बसवा. कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या खांबाच्या ट्रिममध्ये भोक पाडायचं नाही, कारण एअरबॅग त्याच ट्रिमच्या मागून उघडते. मागच्या दारांच्या स्पीकरवर मी तरी खर्च करणार नाही. तो पैसा पुढच्या दारांच्या डॅम्पिंगला लावा.

कंपनीचा टचस्क्रीन काढायचा का, हा प्रश्न बहुतेक गाड्यांत आता सुटलेला आहे: ठेवा. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधी मीटरसुद्धा त्याला जोडलेलं असतं. जुन्या गाडीत साधा स्टिरिओ सेट असेल तर मात्र डॅशबोर्डमधली खाच मोजा, तिची दोन ठरलेली मापं आहेत: सिंगल डिन १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००.

सेटवर ५० गुणिले ४ वॉट लिहिलेलं असतं, ते क्षणिक कमाल. गाडीच्या साडेतेरा-चौदा व्होल्टवर सेटमधला आतला अँप ४ ओहमला प्रत्यक्षात २० वॉटच्या आसपासच देऊ शकतो. मर्यादा व्होल्टेजची आहे, ब्रँड कुठलाही असो. म्हणून छोटा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप घ्या, चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॉट आरएमएस (सलग देता येणारी ताकद), स्पीकर लेव्हल इनपुट (सेटच्या स्पीकर वायरींतूनच सिग्नल घेण्याची सोय) आणि आत डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने जुळवणारी चिप) असलेला. असे अँप साधारण २० बाय १० सेंटिमीटर आणि ४ सेंटिमीटर जाड मिळतात. ग्लोव्हबॉक्सच्या मागे किंवा ड्रायव्हरच्या सीटखाली बसतात. गाडीच्या मॉडेलचा कपलर-टू-कपलर हार्नेस (दोन्ही टोकांना तयार कपलर असलेला वायरींचा जुडगा) घ्या, म्हणजे मूळ वायर कापावी लागत नाही आणि वॉरंटीवरून वाद होत नाही.

सीटखाली ठेवायचं असेल तर पावसाळ्याचा विचार करा. ओले बूट, छत्री, पाणी साचलेला रस्ता, सगळं कार्पेटवर येतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की डाव्या बाजूचं कार्पेट गुपचूप भिजतं. अँप आणि वूफर १० ते १२ मिलिमीटरच्या रबरी किंवा एचडीपीई पायांवर उचला, वायर आधी खाली वळवून मग कनेक्टरकडे वर न्या, म्हणजे वायरवरून येणारं पाणी खालीच टपकतं. दोन्ही वस्तू सीटच्या फ्रेमला पट्ट्याने घट्ट बांधा. नुसत्या वेल्क्रोवरचा पाच किलोचा वूफर अपघातात सुटून येतो.

वायरचा हिशोब सोपा आहे. ५० वॉटचे चार चॅनेल म्हणजे २०० वॉट, क्लास डीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर १३.८ व्होल्टला १८ अँपिअर. वूफरच्या स्वतःच्या अँपचे साधारण १० धरा. २८ अँपिअरसाठी ८ गेजची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर चार मीटरला पुरते. वायरमध्ये वाया जाणारं व्होल्टेज (ड्रॉप) पाव व्होल्टच्या आत राहतं. बाजारात मिळणारी बरीचशी वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली तर ती नको. खाडीकाठच्या दमट, खारट हवेत तिची टोकं लवकर पांढरी पडतात. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो अँपसाठी नसून वायरला आग लागू नये म्हणून असतो. इथे ४० अँपिअरचा घ्या. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून) रबरी ग्रोमेटशिवाय वायर नेऊ नका, पत्र्याची धार सहा महिन्यांत इन्सुलेशन कापते.

अर्थिंगसाठी गाडीतला मूळ अर्थिंग बोल्ट वापरा, खालचा रंग चकाकीपर्यंत घासा आणि लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) बसवल्यावर वरून व्हॅसलिन लावा. सीटबेल्टचा बोल्ट कधीच नाही. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर दहापैकी नऊ वेळा अर्थिंग ढिलं असतं किंवा सिग्नलची वायर पॉवरच्या वायरला चिकटून गेलेली असते. दोन्ही गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या. स्पीकरची मूळ अर्ध्या चौरस मिलिमीटरची वायर बदलू नका. तीन मीटरमध्ये तिने होणारा तोटा अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी आहे, आणि दाराच्या रबरी नळीतून नवी वायर ओढताना काच-लॉकच्या वायरी तुटतात.

कामाला हात घालण्यापूर्वी १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा.

गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ती पातळी) कानाने लावू नका. सेटवर बेस, लाउडनेस आणि वेगानुसार आवाज वाढवणारी सोय बंद करा, आवाज ७५ टक्क्यांवर ठेवा, स्पीकर सोडवा, १ किलोहर्ट्झचा ० डेसिबलचा टोन वाजवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या टोकांना लावा. ५० वॉट गुणिले ४ ओहमचं वर्गमूळ १४.१. तेवढे व्होल्ट दिसले की गेन तिथेच सोडा. दारांना ८० हर्ट्झखाली कट, वूफरला ८० हर्ट्झच्या वर कट. वूफरचा फेज (त्याचा पडदा आधी पुढे जाणार की मागे) ० आणि १८० दोन्हीकडे करून पाहा, ज्यात ढोलकी भरीव वाटेल तो ठेवा.

डीएसपीमध्ये टेपने मोजलेली अंतरं भरा. उजवीकडे बसणाऱ्याला उजवा स्पीकर ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर असेल, तर उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा, कारण ध्वनी एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो. हे केलं की गाणाऱ्याचा आवाज दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. आला नाही तर एखाद्या स्पीकरचं प्लस-मायनस उलटं जोडलेलं आहे.

चाचणी ठाणे-बेलापूर रोडच्या काँक्रीटवर, काचा बंद करून घ्या. टायरची घरघर खालचे स्वर खाते, त्यामुळे पार्किंगमध्ये जास्त वाटणारा बेस तिथे बरोबर वाटतो. नंतर पेव्हर ब्लॉकच्या एखाद्या गल्लीतून हळू चालवा, पॅडची सुटी क्लिप कुठे वाजते ते कळेल.

शेवटची तपासणी लोकलने कामावर जाणाऱ्यांसाठी खास आहे, कारण त्यांची गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्येच उभी असते. गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर मालिकेत जोडून प्रवाह मोजा. जोडणी करताना वीज क्षणभरही तुटू देऊ नका, नाहीतर गाडीची यंत्रणा जागी होते. ५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ५०० दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी बुधवारी सकाळी गाडी चालू करणार नाही. अशा वेळी अँपची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) आधी बघा, ती चावीच्या ऐवजी कायम चालू असलेल्या वायरला जोडलेली सापडते.