लूप अडखळतोय? आधी "टक्" कुठे होतंय ते ऐका

गिटारच्या मल्टी-इफेक्ट मशीनमधल्या लूपरबद्दलची (पायाच्या स्विचने वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून तोच पुन्हा पुन्हा फिरवणारा भाग) तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते, "लूपमध्ये ग्लिच येतोय." आणि त्यावर सल्लेही ठरलेलेच, फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट कर, फॅक्टरी रिसेट मार, अडॅप्टर बदल. रिसेट मारला की महिनोन्‌महिने बसून बनवलेले पॅच (जमवून सेव्ह केलेल्या टोनच्या सेटिंग) उडतात आणि ग्लिच असतो तिथेच, हे मी इतक्या जणांचं बघितलंय की आता कोणी विचारलं तर मी आधी एवढंच विचारतो, आवाज नेमका कुठे होतो? लूप संपून परत सुरू होतो तिथे, की मधेच पण दर फेरीला त्याच जागी, की कुठेही कसाही? या तिघांची कारणं पूर्णपणे वेगळी आहेत, आणि हे न ठरवता सेटिंगमध्ये बोटं घालणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

ठरवायचं कसं तर सगळे इफेक्ट बंद करा, गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि आठ-दहा सेकंदांची शांतताच रेकॉर्ड करून फिरवा, हेडफोन थेट मशीनला लावून. शांततेतही मधेमधे खरखर किंवा टकटक ऐकू आली तर तुमच्या वाजवण्याचा काही संबंध नाही. शांतता शांत राहिली तर मग एक लांब नोट धरून तेच करा, आणि बघा.

जोडावर होणारी टक् सगळ्यात जास्त जणांना छळते, म्हणून आधी ती. मशीन सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाची पातळी मोजून ठेवतं. लूप फिरतो तेव्हा शेवटचं माप आणि पहिलं माप शेजारी शेजारी येतात, आणि लाट शेवटी वर असेल नि सुरुवातीला खाली असेल तर स्पीकरला क्षणात उडी मारावी लागते, ती उडी म्हणजेच टक्. बरीचशी मशीन तिथे काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (शेवट हळू मिटवत सुरुवात हळू उमटवणं) देऊन हे झाकतात, पण गिटारच्या जाड ई तारेची एक लाट साधारण १२ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे खर्जातली नोट धरून ठेवलेली असेल तर छोटा फेड पुरत नाही. उपाय अगदी साधा आहे, लूपची सुरुवात ठोस स्ट्रोकने करायची. पहिल्या मात्रेवर पिकचा आघात असला की टक् त्याच्याखाली गडप होते, रेंगाळणाऱ्या कॉर्डच्या मध्यावर लूप बंद केला की ती उघडी पडते.

दुसरी भानगड शेपटीची. लूपर जर इफेक्टच्या साखळीत डिले-रिव्हर्बच्या (आवाज घुमवणारे इफेक्ट) नंतर असेल तर शेवटच्या कॉर्डची घुमत राहिलेली शेपटी लूप बंद करताच कापली जाते, आणि लूपची सुरुवात तर कोरडीच असते कारण तिच्या आधी काही वाजलेलंच नव्हतं. मग दर फेरीला आवाज एकदम आत ओढल्यासारखा होतो, आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. यावर माझा आवडता उपाय म्हणजे पहिलं आवर्तन रेकॉर्ड न करता नुसतं वाजवायचं आणि दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर रेकॉर्ड दाबायचं, म्हणजे मागच्या फेरीची शेपटी आपोआप सुरुवातीला येऊन बसते आणि जोड कळतच नाही. काही मशीनमध्ये रेकॉर्डनंतर प्ले ऐवजी थेट ओव्हरडबमध्ये (फिरत्या लूपवर नवा आवाज चढवत जाणं) जायचा पर्याय सेटिंगमध्ये असतो, तो लावला तरी शेपटी पुढच्या फेरीवर नोंदली जाते, फक्त नंतर एकदा स्विच दाबून प्लेमध्ये यायला विसरू नका. तिसरा रस्ता म्हणजे लूपरच रिव्हर्बच्या आधी सरकवणं, पण मग पॅच बदलला की आधी वाजवलेल्या लूपचाही टोन बदलतो, ते चालणार असेल तरच करा.

आता पायाबद्दल. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० मात्रा) एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, त्यात पाय ४० मिलिसेकंद उशिरा पडला तरी कानाला लूप ठेचकाळल्यासारखा लागतो. पण गंमत अशी की सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे सारखाच उशीर झाला तर लूपची लांबी बरोबरच येते, घोळ होतो तो दोन वेळा वेगवेगळा पाय पडल्यामुळे. त्यात काही स्विच दाबताक्षणी काम करतात, काही सोडल्यावर (कारण धरून ठेवण्याला त्यांनी अन्‌डू वगैरे दिलेलं असतं) आणि ज्याला सवय दाबण्याची आहे त्याचा लूप सोडण्याच्या स्विचवर कायम उशिरा पकडला जातो. मॅन्युअल उघडून एवढं एक तरी बघून घ्या.

मशीनमधला ड्रम चालू असेल तर तिसराच प्रकार, क्वांटाइझ. मशीन लूपची लांबी स्वतःच्या बारमध्ये बसवतं. पॅचमध्ये टेम्पो १२० सेव्ह झालेला आणि तुम्ही ड्रम बारीक करून आपल्या मनाने ९२ ने वाजवताय, तर लूपच्या शेवटी एकतर पोकळी येणार नाहीतर शेवटचा स्ट्रोक कापला जाणार. बऱ्याच मशीनमध्ये टेम्पो प्रत्येक पॅचला वेगळा असतो, म्हणून "काल नीट चालत होतं" ही तक्रार इथे फार येते, काल पॅच दुसरा होता.

थांबवताना शेवटी जी छोटी फुसकी ऐकू येते ती मात्र अनेकदा बिघाड नसतोच, डबल टॅपने थांबणाऱ्या लूपरमध्ये पहिल्या टॅपला ओव्हरडब सुरू होतं आणि दुसऱ्याला सगळं थांबतं, मधल्या क्षणात लूप पुढे गेलेला असतो. वेगळा स्टॉप स्विच जोडता येत असेल तर जोडा. एकदाच दाबलं तरी दोनदा दाबल्यासारखं होत असेल तर मात्र स्विच झिजलाय किंवा आत धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने कधी कधी सुटतं, नाहीतर बदलावा लागतो.

दर फेरीला मधेच त्याच जागी होणारी चर्र म्हणजे ती रेकॉर्डमध्येच शिरलेली आहे. बहुतेकदा क्लिपिंग, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटणं. हुबेहूब सारखे दोन लेयर (लूपवर चढवलेले थर) एकावर एक बसले की पातळी ६ डीबीने वाढते, वेगवेगळे असले तरी ३ च्या आसपास, आणि चार-पाच लेयर झाले की मशीनच्या वरच्या मर्यादेला डोकं आपटणारच. पॅच लेव्हल खाली आणा आणि आवाज ॲम्पवर वाढवा. आणि लूपर जर नॉइज गेटच्या (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारा इफेक्ट) आधी बसला असेल तर गेट तुमच्या लूपच्याच हळू पडत जाणाऱ्या नोटा कापतं, ते ऐकताना अगदी तुटक प्लेबॅकसारखं वाटतं. गेट बंद करून बघा, दोन सेकंदात कळतं.

उरला कुठेही कसाही होणारा आवाज. इथे पहिला संशय अडॅप्टरवर. व्होल्टेज आणि पोलॅरिटी जुळणं पुरेसं नाही, मशीनवर ५०० मिलिअँपिअर लिहिलेलं असेल तर तेवढा करंट देणारा अडॅप्टर लागतो, आणि एकाच अडॅप्टरवरून चार पेडलं माळेसारखी चालवत असाल तर मशीन एकट्याला देऊन तपासा. मग यूएसबी काढा. हेडफोनमध्ये लूप स्वच्छ आणि कॉम्प्युटरवरच्या रेकॉर्डिंगमध्येच टकटक, असं असेल तर लूपरला शिव्या देऊ नका, सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) ६४ वरून २५६ सॅम्पल, म्हणजे मापं, करा (४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम ६ मिलिसेकंद होतात) आणि मशीन नि सॉफ्टवेअरचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती मापं) एकच आहे ना बघा. लूप एसडी कार्डवर सेव्ह होत असतील तर कार्ड मशीनमध्येच फॉरमॅट करा, आधी लूप कॉपी करून. २४ बिट मोनो लूप मिनिटाला ८ एमबीच्या आसपास असतो, स्टिरिओ त्याच्या दुप्पट, एवढं कुठलंही धड कार्ड सहज पेलतं, म्हणजे तरीही अडखळत असेल तर कार्डच बोगस किंवा मरायला टेकलेलं. पॅच बदलताना लूप क्षणभर गप्प होणं ही बऱ्याच मशीनची मूळ मर्यादा आहे, आणि नव्या पॅचमध्ये लूपर ब्लॉकच नसेल तर काही मशीनमध्ये लूप सरळ बंद पडतो.

हे सगळं करून शांततेचा लूपही टकटकत राहिला तर मग खुशाल फर्मवेअर आणि त्यानंतर रिसेट, पण आधी पॅचचा बॅकअप. त्यानेही गेलं नाही तर सर्व्हिसला देताना "ग्लिच येतो" एवढंच लिहू नका, तो शांततेचा लूप हेडफोन आउटमधून रेकॉर्ड करून फाइलच सोबत द्या, म्हणजे "आमच्याकडे तर नीट चालतंय" म्हणून मशीन तसंच परत येणार नाही.