काळ्या पानावर एकसष्ट ठिपके

मंगळवार, रात्री

आज दुपारी आईंनी अल्बमचं पहिलं पान हातात घेतलं. (सासूबाईंना मी आईच म्हणते.) ट्यूबलाइटखाली धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग म्हणाल्या, "सोनेरी अक्षर छान दिसतंय गं. काय लिहिलंयस ते वाचून दाखव ना."

माझ्या पोटात खड्डाच पडला. सगळा खटाटोप त्यांच्यासाठी चाललाय आणि त्यांनाच वाचता येत नाहीये.

गेले पंधरा दिवस रात्रीची जेवणं आटपली की मी डायनिंग टेबलवर काळी पानं पसरून बसते. आमची ठाण्यात नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आणि नवीन होईपर्यंत घोडबंदर रोडला भाड्याने राहायचं. आई १९७४ साली लग्न होऊन या तळमजल्यावरच्या घरात आल्या. दारासमोरचा चार फुटांचा ओटा ही त्यांची हक्काची जागा. तो ओटाही जाणार. म्हटलं, त्याच्या आधी इथलं सगळं एका ठिकाणी गोळा करावं. फोटो, नाटकाची तिकिटं, सासऱ्यांचा ठाणे-भायखळा पास, दुधाचं कार्ड, बारशाच्या पत्रिका. त्यासाठी बावीस पानांचा जाड काळा कागद आणला, ॲसिड-फ्री. साधा कागद काही वर्षांनी पिवळा पडतो आणि त्यावर चिकटवलेल्या फोटोलाही सोबत घेऊन जातो, म्हणून तेवढे पैसे जास्त मोजले.

काळाच कागद घ्यायचं कारण, आमच्या लहानपणीचे अल्बम तसेच असायचे. काळी पानं, मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर, फोटोच्या चार कोपऱ्यांना चार कॉर्नर. त्या पानांवर शाईचं पेन चालायचं नाही, म्हणून बहुतेक अल्बममध्ये फोटोखाली काहीच लिहिलेलं नसतं. आता दोन फोटोंतल्या बायका कोण, हे आईंशिवाय घरात कुणालाच सांगता येत नाही.

जेल पेनामुळे हे सोपं झालं. ही पेनं तशी अलीकडचीच. जपानमधल्या ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये पहिलं जेल पेन बाजारात आणलं. म्हणजे तोवर आईंना या घरात येऊन दहा वर्षं झाली होती, दोन्ही मुलं झाली होती. मी शाळेत असताना सोनेरी आणि चंदेरी जेल पेन ज्या मुलीकडे असेल तिच्याभोवती मधल्या सुट्टीत घोळका असायचा. ते वेड माझ्यात कुठेतरी शिल्लक असणार. मी पंधरा दिवस प्रत्येक फोटोखालचा मजकूर सोनेरीने लिहीत सुटले.

आणि आईंना तो दिसत नाही. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. उजेड अंगावर आला की त्यांना सगळं पसरल्यासारखं दिसतं. मेटॅलिक शाई तर उजेड अंगावर टाकण्यासाठीच बनवलेली असते.

साध्या जेल शाईत रंगाची बारीक पूड असते. ती खाली बसू नये म्हणून शाई दाट केलेली असते, झँथन गमसारख्या पदार्थाने. आइस्क्रीममध्ये, सॉसमध्ये घालतात तोच. टोकाची गोळी फिरली की दाट शाई तेवढ्यापुरती पातळ होऊन खाली येते आणि कागदावर पडली की पुन्हा दाट होते. म्हणून ती काळ्या कागदातही जिरून गडप होत नाही. मेटॅलिक पेनात या पुडीच्या जोडीला ॲल्युमिनियमचे नाहीतर अभ्रकाचे चपटे कण असतात. जुन्या इस्त्रीच्या कॉइलला चकचकीत पापुद्रे असायचे ना, ते अभ्रक. शाई वाळताना हे कण कागदावर आडवे होतात आणि इवल्या इवल्या आरशांसारखे चमकतात. ओलं असताना सोनेरी जरा मळकटच दिसतं, वाळलं की उजळतं. हे बघत बसायला मला फार आवडतं. पण दुखऱ्या डोळ्यांच्या माणसाला ओळीच्या ओळी आरशात वाचायला लावण्यासारखं आहे ते. हे मला आधी सुचायला हवं होतं.

गुरुवार

काळ्या कागदावर लिहिलेलं खोडता येत नाही. खरवडलं तर कागदाचे तंतू वर येतात आणि पांढुरका डाग राहतो. एका पानावर करून बघितलं आणि थांबले.

मग त्याच कागदाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या. त्यांच्यावर पांढऱ्या जेल पेनाने नव्याने लिहिलं आणि जुन्या सोनेरी ओळींवर चिकटवल्या. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. ते चमकत नाही, खालचा काळा रंग मात्र व्यवस्थित झाकतं. अक्षर मोठं काढलं, ओळींमध्ये जागा सोडली. पट्टीच्या कडेने सोनेरीची एकच रेघ. आता सोनेरी तिथेच राहणार. कडेला, फोटोच्या चौकटीला, कोपऱ्यातल्या वेलबुट्टीला. वाचायचं ते सगळं पांढऱ्यात.

रात्री आईंपुढे पान धरलं. चष्मा वर सरकवून त्यांनी मोठ्याने वाचलं. "मे १९७९. गडकरी रंगायतनच्या दारात." मग लगेच, "अगं, मे नव्हे हा. अंगावर स्वेटर आहे बघ माझ्या. डिसेंबर असेल."

रंगायतन १९७८ मध्ये सुरू झालं, त्याच्या पुढच्याच वर्षीचा हा फोटो. मी महिना अंदाजाने घातला होता. त्यांना वाचता आलं म्हणून चूक सापडली. आणखी एक पट्टी कापली. ती कापताना मला जो आनंद झाला तो पंधरा दिवसांत झाला नव्हता.

शनिवार

आज ऐंशीच्या दशकातला तो चिकट पट्ट्यांचा अल्बम काढला, वर प्लास्टिकचा कागद असतो तो. त्यातला गोंद आता इतका धरलाय की फोटो ओढला तर फाटणारच. फोटोच्या कोपऱ्याखाली शिलाईचा दोरा सरकवायचा आणि दोन्ही हातांनी करवतीसारखा मागेपुढे करत खाली न्यायचा. एका फोटोला वीस मिनिटं लागली. बारा निघाले. दोन निघेनात, ते तिथेच ठेवले आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढून घेतले.

जे निघाले तेही अल्बममध्ये लावणार नाही. गोखले रोडवरच्या स्टुडिओतून त्यांच्या प्रती काढून आणल्या आहेत. नक्षी, चौकटी, तारीख, काय करायचं ते प्रतीभोवती. अस्सल फोटो पाकिटात. हे शहाणपण कालच्या एका प्रसंगातून आलं, तो लिहून ठेवते.

तलावपाळीचा फोटो. सासरे कठड्याला टेकून उभे, मागे मासुंदा तलाव. कृष्णधवल, अस्सल प्रत. त्याभोवती मी चंदेरी चौकट काढली आणि ती वाळायच्या आत मनगट टेकवलं. चंदेरी फराटा थेट त्यांच्या खांद्यावर. फोटोचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, शाई त्यात शिरत नाही, वर नुसती बसून राहते आणि हात लागला की पसरते. ओलं फडकं लावायचा मोह झाला होता. पण जुन्या फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो. कोरड्या मऊ सुती कापडाने हलकं हलकं टिपलं. बरंच गेलं, पण खांद्यावर एक धूसर चंदेरी पट्टा राहिला. मला रडू आलं. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि तरुणपणातला त्यांचा एवढा एकच फोटो आहे.

आईंना सांगायला धीर होत नव्हता. शेवटी सांगितलं. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. "त्या दिवशी पाऊस होता," म्हणाल्या. "भिजलेच होते हे." आणि फोटो माझ्या हातात परत दिला.

आता रोजची पद्धत ठरली आहे. टाकाऊ काळ्या तुकड्यावर पेन आधी चालवून बघायचं. हाताखाली कोरा कागद ठेवायचा. वरून खाली, डावीकडून उजवीकडे जायचं. पान झालं की पंख्याखाली अर्धा तास उघडं. पेनाच्या पाकिटावर लिहिलेलं एक-दोन मिनिटांचं गणित ठाण्याच्या जुलैत चालत नाही, कपडे तिसऱ्या दिवशीही दमट असतात तिथे शाई कशी वाळेल? एकदा घाई करून पान मिटलं तर समोरच्या पानावर चौकटीचा उलटा ठसा उमटला. पेनं आडवी ठेवायची, टोपण घट्ट लावून. फोटोच्या मागे मात्र जेल पेन अजिबात नको. ठेवलेल्या गठ्ठ्यात ती शाई दुसऱ्या फोटोच्या तोंडावर लागते. तिथे मऊ पेन्सिलने, न दाबता लिहायचं.

लेकीने पासचं पान मागून घेतलं. ठाणे-भायखळा पासाखाली तिने चंदेरीने रूळ काढले, पट्टी धरून, आणि खाली पांढऱ्याने लिहिलं, "१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, पहिली गाडी. आजोबा रोज याच मार्गाने." रुळांना चंदेरी शोभतं. खरे रूळही असेच, गाडी येण्याआधी उन्हात चमकणारे. त्या पानाला मी हात लावणार नाही.

रविवार, रात्री

शेवटचं पान ओट्याचं. ओट्याचा स्वतंत्र फोटोच नाही. कुणी ओट्याचा फोटो काढतं का? तीन-चार फोटोंत तो कडेला आलाय, कुणाच्या तरी पायाखाली. मी ठरवलं होतं की तिथे आईंची रांगोळी काढायची. रोज सकाळी गेरूने सारवलेल्या ओट्यावर त्या ठिपक्यांची रांगोळी काढायच्या. लग्न झाल्यावर पहिल्या सकाळी मी दार उघडलं ते त्या रांगोळीवरच, आणि पाय कुठे टाकू कळेना. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली, खाली बसता येईना, तेव्हापासून ओट्यावर प्लास्टिकचं स्टिकर आहे. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत.

मी पेन्सिलने पानाचा मध्य काढत होते तेवढ्यात त्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"कितीची काढतेयस?"

"तुमची नेहमीची. नऊ ते पाच."

"मग मध्य काय मोजतेस? मधली नवाची ओळ घाल आधी. बाकीच्या आपोआप येतात."

मी पांढरं पेन त्यांच्यापुढे ठेवलं. त्या नको नको म्हणाल्या, हात कापतो म्हणाल्या. मग घेतलं.

त्यांनी पेन लिहायला धरतात तसं धरलंच नाही. अंगठा आणि दोन बोटं खाली, चिमटीत रांगोळी असावी तसं, आणि मनगट पानापासून वर, हवेत. पहिला ठिपका टेकवला. उमटला नाही. दुसरा टेकवला, तोही नाही. नुसतं टेकवून जेल पेनातून शाई येत नाही, गोळी फिरावी लागते. "आई, टेकवलं की जागच्या जागी जरा गोल फिरवा," मी म्हटलं. तिसरा ठिपका आला. मोहरीएवढा, गोल, पांढरा शुभ्र.

मग त्या थांबल्याच नाहीत. नऊ ठिपके एका सरळ रेषेत, पट्टीशिवाय, खुणेशिवाय. त्यावर आठ, दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये. मग सात, सहा, पाच. पान फिरवलं आणि खालच्या बाजूलाही तसंच. हात कापत होता, पण पेन कागदाला लागायच्या क्षणी स्थिर व्हायचा. मी शेजारी बसून मोजत होते. एकसष्ट. दोन ठिपक्यांमधलं अंतर मी मघाशी पट्टी लावून बघितलं, सगळीकडे सारखंच.

काळ्या पानावर ते ठिपके बघताना मला गेरूवरची ओली सकाळ आठवली. इतके दिवस मी काळा कागद, पांढरी शाई, चमक, उजेड असा विचार करत होते. आईंना त्यात नवीन काहीच नव्हतं. गडद जमिनीवर पांढरं काढायचं हे त्या पन्नास वर्षं करत आल्या आहेत.

मी म्हटलं, "आता रेघा?"

"ठिपके वाळू देत. तूच सांगतेस ना सगळ्यांना, हात लावू नका म्हणून." पेनाला टोपण लावलं, ते आडवं ठेवलं. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दारापर्यंत जाऊन मागे वळल्या.

"रेघा उद्या सकाळी, आंघोळ झाल्यावर. आणि ते सोनेरी पेन इथेच राहू दे. मध्यावर हळद वाहायची आहे."