बार्गातलं भाड्याचं घर आणि खपलीची खीर

आईचा गुडघा आणि बाबांचं ‘रोज हॉटेलात काय खायचं?’ या दोन गोष्टींनी आमच्या इटलीच्या सुट्टीचा बेत ठरवला. दोघं पुण्याहून आमच्याकडे म्युनिकला आले होते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते. रोम, व्हेनिस त्यांनी पूर्वीच टूरबरोबर उरकलेलं. म्हणून टस्कनीच्या उत्तरेला, लुक्काच्या वर सेर्किओ नदीच्या खोऱ्यात बार्गा नावाचं डोंगरावरचं गाव आहे, तिथे घर भाड्याने घेतलं.

अशा घरांच्या जाहिरातीत खिडकीतून दिसणारे डोंगर हमखास असतात, पायऱ्या कधीच नसतात. मी मालकीणबाईंना पहिल्याच मेलमध्ये विचारून टाकलं: गाडी कुठपर्यंत येते, तिथून दारापर्यंत किती पायऱ्या, आणि झोपायची खोली नि संडास एकाच मजल्यावर आहेत ना? जुना बार्गा तटबंदीच्या आत आहे. इटलीतल्या अशा बऱ्याच गावांत बाहेरच्यांनी गाडी आत घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि काही महिन्यांनी दंडाचं पत्र घरी येतं. आम्ही गाडी बाहेरच लावली आणि पोर्ता रेआले नावाच्या वेशीतून चालत आत गेलो. त्या दगडी फरसबंदीवर बॅगांच्या चाकांचा काडीचा उपयोग नाही.

मालकीणबाईंनी किल्ली द्यायच्या आधी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. बाबांच्या कपाळाला आठी. ‘हिला कशाला हवेत?’ मी समजावलं, पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत पोलिसांच्या साइटवर भरायची असा इथला नियमच आहे. ‘मग ठीक,’ म्हणाले, पण फोटो काढून होईपर्यंत पासपोर्ट स्वतःच्या हातात धरून उभे राहिले.

नंतर बाई मला मीटरपाशी घेऊन गेल्या. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुतेक ३ किलोवॅटची असते. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावायचं नाही, असं त्यांनी हातवारे करून दोनदा बजावलं. संध्याकाळी ओव्हन चालू असताना माझ्या लेकीने हेअर ड्रायर लावला आणि घर अंधारात गेलं. मीटर खाली गल्लीतल्या कोनाड्यात, त्यामुळे नवरा मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली. शेगडी गॅसची होती म्हणून आईच्या कुकरचं तरी अडलं नाही.

१ नोव्हेंबरला तिकडे सरकारी सुट्टी, आणि एरवीही छोटी दुकानं दुपारी चांगली तीन-चार तास बंद असतात. म्हणून आदल्या दिवशी सकाळीच आईला घेऊन वाणसामान आणायला गेले. तिने फळीवरची एक पिशवी उचलली, दाणे निरखले आणि म्हणाली, ‘अगं, ही तर खपली!’ पिशवीवर होतं फार्रो. फोनवर शोधलं तर खरंच, दोन्ही गव्हाचा एकच प्रकार, ट्रिटिकम डायकोकम. सेर्किओच्या या वरच्या खोऱ्याला गार्फान्याना म्हणतात आणि तिथल्या फार्रोला १९९६ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. तिकडे तो घेवड्याच्या दाण्यांबरोबर सूपमध्ये शिजवतात.

आईचं माहेर सांगली जिल्ह्यातलं. सूपचं तिने ऐकून घेतलं आणि विषय संपवला. आमच्याकडे खपली ओलवून कांडायची, पाखडायची, मग रात्रभर भिजत घालायची. इथे दाणे आधीच पॉलिश केलेले, त्यामुळे निम्मं काम वाचलं. गूळ तिच्या बॅगेत होताच. वेलची पुण्याची, जायफळ बार्गाच्या दुकानातलं, सुकं खोबरं केकच्या सामानाच्या कप्प्यात सापडलं. खीर घोटताना ती दर पाच मिनिटांनी म्हणत होती, ‘दाणा जरा आखूडच आहे,’ आणि प्रत्येक वेळी चव बघत होती. मला विचाराल तर सांगलीच्या खिरीपेक्षा ही किंचित कमी चिकट झाली. हे मी तिला बोलले नाही.

बाबांना तोवर चौकातला कट्टा सापडला होता. बार्गातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं स्कॉटलंडला गेली, आइस्क्रीमची आणि फिश अँड चिप्सची दुकानं काढली. स्कॉटिश गायक पाओलो नुटिनीचं घराणंही मूळचं इथलंच. कट्ट्यावरचे एक आजोबा उमेदीची वर्षं ग्लासगोत काढून परत आलेले. त्यांचं इंग्रजी मला ओ का ठो कळेना. बाबांना कळत होतं, निदान तसं दाखवत तरी होते.

डुओमो, म्हणजे इथलं मुख्य चर्च, गावाच्या माथ्यावर. आई एकदाच, बसत-उठत वर गेली. आतल्या संगमरवरी प्रवचनमंचाचे पुढचे खांब सिंहांच्या पाठीवर उभे आहेत, बाहेर आवारातून समोर आपुआन डोंगर दिसतात. त्यातल्या मोंते फोरातोला आरपार भोक आहे. ११ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य डोंगराआड जातो आणि त्या भोकातून पुन्हा डोकावतो. आमची सुट्टी त्याआधीच संपत होती, त्यामुळे ते हुकलं. जाणाऱ्यांनी तारखा त्या बेताने धराव्यात.

आणि हीटिंगचं आधी विचारून घ्या. दगडी भिंती नोव्हेंबरात चांगल्याच गारठतात आणि आमच्या भाड्यात हीटिंग धरलेलं नव्हतं. निघताना मीटर बघून वेगळे पैसे दिले. गाडी नसली तरी बार्गाला जाता येतं. लुक्का–आऊला मार्गावर डिझेलची आगगाडी आहे, लुक्काला जायला आम्हीही तीच पकडली. वाटेत बोर्गो आ मोत्सानोचा सैतानाचा पूल लागतो. मात्र बार्गा-गालिकानो स्टेशन खाली खोऱ्यात आहे. तिथून वर यायच्या बसचं वेळापत्रक, विशेषतः रविवारचं, निघण्याआधीच बघून ठेवा.