सासूबाईंचा मोतीबिंदू आणि बल्बच्या खोक्यावरचं बारीक अक्षर

सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आठवड्याभरात त्या म्हणायला लागल्या की हॉलमधे बसवत नाही, लाइट डोळ्यात घुसतो, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. मला वाटलं ऑपरेशनचंच काहीतरी बिघडलं. चेकिंगला गेलो तर डॉक्टर म्हणाले, अहो इतकी वर्षं त्या पिवळ्या पडलेल्या लेन्समधून बघत होत्या, आता पांढरं जरा निळसरच दिसणार, होईल सवय. सवय होईपर्यंत आईंनी हॉलचा दिवा लावूच द्यायचा नाही असं ठरवलं, मग संध्याकाळी सात वाजता आमच्याकडे काळोखात मालिका.

म्हणून मी एलईडी बल्ब आणायला गेले. तोपर्यंत माझी बल्बखरेदी म्हणजे "नऊचा द्या एक". दुकानदार विचारणार पिनचा का आट्यांचा, मी म्हणणार पिनचा, तो बोर्डाला लावून दाखवणार, मार्करने बुडाशी तारीख टाकणार, संपलं. यावेळी म्हटलं जरा पिवळे द्या. वॉर्म व्हाइटचे तीन घेतले, हॉल, किचन आणि आईंची खोली.

हॉल छान झाला. किचनमधे मात्र वाट लागली. पहाटेच्या गाडीला जायचं होतं म्हणून पाचला उठून पोहे केले, त्या उजेडात पांढरे पोहेसुद्धा पिवळे दिसत होते त्यामुळे हळद पडली की नाही तेच कळेना, म्हणून अजून अर्धा चमचा घातली. नवऱ्याने पहिला घास खाल्ला आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

त्या रात्री घरातली सगळी बल्बची खोकी ओट्यावर मांडली आणि मोबाईलने झूम करून वाचायला बसले. हॉलमधून काढलेल्या बल्बच्या खोक्यावर ६५०० के, नव्यावर ३००० के. हे केल्विन. आकडा वाढेल तसा उजेड पांढरा, मग निळसर. मला आधी उलटंच वाटायचं, पण लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आठवलं, आधी लाल, मग पिवळं, अजून तापलं की पांढरं, तसंच हे. मधला ४००० पण मिळतो, तो किचनला लावला, आता हळद हळदीसारखी दिसते.

दुसरी गंमत लुमेनची. वॉट म्हणजे वीज किती खातो, उजेड किती देतो ते लुमेन. नऊ वॉटचे तीन बल्ब होते, एकावर ९०० लुमेन, एकावर ८१०, आणि तिसऱ्यावर, जो मी गाडीवरून स्वस्तात उचलला होता, लुमेनचा पत्ताच नाही, बीआयएसचा (सरकारी मानक संस्थेचा) शिक्का नाही की आर ने सुरू होणारा नोंदणी नंबर नाही. (हा नंबर बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो.) त्याच बल्बखाली मी आईंच्या चॉकलेटी साडीला फॉल लावला होता, उन्हात बघते तर दोरा मरून रंगाचा! खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो तो याच्यासाठी, रंग किती खरे दिसतील त्याचा, शंभर म्हणजे उत्तम, निदान ८० तरी बघून घ्या.

स्टारबद्दल माझा मोठा गैरसमज होता, वाटायचं जास्त स्टार म्हणजे जास्त टिकाऊ. तसं नाहीये, एका वॉटला किती लुमेन देतो त्यावर स्टार मिळतात. टिकण्याचं म्हणाल तर खोक्यावर २५,००० तास. रोज पाच तास लावला तर साडेतेरा वर्षं झाली की हो, आणि वॉरंटी एक वर्ष! आमचा बाथरूमचा चार महिन्यांत गेला. बदलून घ्यायला गेले तर मार्करची तारीख पुसलेली, दुकानदाराने हात वर केले, भांडले थोडी. पण घरी येऊन खोकं उलटं केलं तर तळाला बारीक अक्षरात होतं, पूर्ण बंद फिटिंगमधे वापरू नका. आणि आमचा तर काचेच्या बंद गोळ्यात. आतली गरमी बाहेर पडत नाही आणि बल्बमधलं सर्किट जातं.

व्होल्टेजचंही बघायला लागतं. आमच्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की उजेड नाचतो, म्हणून आता १०० ते ३०० व्होल्ट लिहिलेलाच मागते. दुकानदार आता मला लांबूनच बघून म्हणतो, ताई खोकी तुम्हीच निवडा.

आईंच्या खोलीत ३००० चाच ठेवलाय, त्या खूश आहेत. राहिला जिना. तिथे अजून जुना साठचा तारेचा बल्ब आहे, पाच तासांच्या हिशोबाने महिन्याला ९ युनिट खातो, नऊ वॉटचा दीड युनिटही खाणार नाही. नवीन आणून ठेवलाय, पण शिडी शेजारच्या काकांकडे आहे आणि काका कुलूप लावून मुलीकडे गेलेत.