बर्फात अडकलेला डबा आणि पूर्णा जंक्शनचे गार्ड

माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, पूर्णा जंक्शनला गार्ड होते. मनमाड–काचीगुडा मार्ग मीटरगेज होता तेव्हा ते नोकरीला लागले आणि एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी खोळंबलेल्या गाडीत माणसे कशी वागतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले. म्हणूनच ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ हा १९७४ चा चित्रपट त्यांच्या शेजारी बसून पाहावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. गेल्या आठवड्यात परभणीच्या घरी ती पूर्ण झाली.

अगाथा ख्रिस्ती यांची मूळ कादंबरी १९३४ ची. इस्तंबूलहून निघालेली गाडी युगोस्लाव्हियात बर्फात अडकते, एक धनाढ्य अमेरिकन प्रवासी आपल्या कूपेत भोसकलेला सापडतो, आणि योगायोगाने त्याच डब्यात असलेला बेल्जियन गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो चौकशी हाती घेतो. रहस्य मी इथे फोडणार नाही. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांचा तो आनंद हिरावून घेणे मला पाप वाटते.

दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट यांनी या अरुंद डब्याची अडचण न मानता तिचेच सामर्थ्य केले आहे. पळायला वाट नाही, बाहेरून कोणी येण्याची शक्यता नाही, म्हणून कॅमेऱ्यापुढे उरतात ते केवळ चेहरे. इन्ग्रिड बर्गमन यांचा प्रसंग तर मी कितीदा पाहिला असेन! ल्यूमेट त्यांना वृद्ध राजकन्येची भूमिका देऊ करत होते. त्यांनी मात्र भेदरलेल्या स्वीडिश मिशनरी बाईची छोटी भूमिका मागून घेतली. पॉयरोच्या प्रश्नांना ती बाई अडखळत उत्तरे देते आणि जवळजवळ पाच मिनिटे एकही कट न घेता कॅमेरा तिच्यावरच खिळून राहतो. या भूमिकेसाठी त्यांना तिसरे ऑस्कर मिळाले. केवळ त्या पाच मिनिटांसाठी मिळाले असते, तरी ते मला योग्यच वाटले असते.

अल्बर्ट फिनी यांचा पॉयरो काहींना भडक वाटतो. मला तो तसा वाटत नाही, कारण समोरच्याला बेसावध करण्यासाठीच तो आवाज चढवतो, हे दुसऱ्यांदा पाहताना स्पष्ट कळते.

अण्णांचे लक्ष मात्र वेगळ्याच गोष्टीकडे होते. पॉयरोला बर्थ मिळत नाही आणि रेल्वे कंपनीचा संचालक असलेला त्याचा मित्र स्वतः चकित होतो, हे पाहताच ते पुढे सरकून बसले.

“ऐन हिवाळ्यात पहिल्या वर्गाचा डबा भरलाच कसा? हे काही बरोबर दिसत नाही.”

मी काहीच बोलले नाही. इतक्या वर्षांत हा धागा मला कधी महत्त्वाचा वाटला नव्हता आणि रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाने तो खून होण्याआधीच पकडला होता. कॉरिडॉरच्या टोकाला बसून घंटीला उत्तर देणारा कंडक्टर दिसला, तेव्हाही ते म्हणाले, “याला समदं ठावं असतंय.”

अखेरीस पॉयरो दोन उत्तरे मांडतो आणि त्यांतले कोणते स्वीकारायचे, हे त्या संचालकावर सोडतो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि इस्तंबूल स्टेशनचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी डब्यात चढणारा एकेक प्रवासी ते बोटांवर मोजत होते.